दगडी घर, ओलं सरपण आणि मी मांडलेलं चुकीचं गणित

आजीचं घर मावळात, लोणावळ्यापासून थोडं आत. काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, वर कौलं. गेल्या वर्षी तिचा खोकला वाढला आणि चूल काढून धुराड्याची बंदिस्त लोखंडी शेगडी बसवायची, असं घरात ठरत आलं. 'सायन्सवाली' म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. मी लगेच वही काढली.

खोली चार बाय तीन मीटर, उंची तीन मीटर. भिंतींचं वजन भरतं साधारण 70 टन. बेसॉल्टची विशिष्ट उष्णता धरून हिशेब केला, तर भिंती फक्त एका अंशाने तापवायला सुमारे 60 मेगाज्यूल लागतात. सुक्या लाकडात किलोमागे साधारण 16 मेगाज्यूल. म्हणजे उष्णतेचा कणही वाया न घालवता पावणेचार किलो सरपण, एका अंशाला! या हिशेबात कुठलीच शेगडी परवडेना.

आजी म्हणाली, "अगं, पण थंडीसाठी पेटवतंय कोण?"

खरंच की. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. झड लागली की मीठ पाझरतं, काडीपेटी सादळते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. चुलीचं काम स्वयंपाकाइतकंच घर सुकवण्याचं. त्यासाठी भिंती तापायची गरज नसते: 22 अंशांची पूर्ण दमट हवा 27 अंशांपर्यंत गेली, की तिची सापेक्ष आर्द्रता 74 टक्क्यांच्या आसपास येते. तेवढ्यात कपडे सुकायला लागतात.

मग मी शेगड्यांचा इतिहास याच नजरेने पुन्हा वाचला. 1740च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने लोखंडी शेगडी केली, 1796 मध्ये काउंट रमफर्डने फायरप्लेसवर निबंध लिहून धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं. दोघांची डोकेदुखी एकच, उष्णता धुराबरोबर बाहेर जाते. हिवाळा पोटात घेऊन केलेलं संशोधन ते. दुकानदार आजही शेगडी त्याच भाषेत विकतात, 'किती खोल्या गरम होतील?'

आपल्याकडची परंपरा वेगळी. वर्ध्याच्या मगनवाडीतली 1947ची मगन चूल, हैदराबादला एस. पी. राजूंनी 1953 मध्ये मांडलेलं बिनधुराचं स्वयंपाकघर, आणि 1983 पासूनचा केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम. इथे प्रश्न होता धुराचा आणि सरपणाचा. 2002 मध्ये तो कार्यक्रम थांबला तोवर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या होत्या, पण पुष्कळ घरांत त्या मोडून पडल्या किंवा बाजूला ठेवल्या गेल्या. कारणं अनेक: बांधणी कच्ची, धुराडं साफ न होणं, भांड्यांच्या मापात न बसणं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की जुनी चूल एकाच वेळी पाच कामं करत होती आणि मोजलं जात होतं एक-दोन.

आजीच्या चुलीवर माळा आहे. तिथे भाताचं बियाणं, पावसाळ्याचं सरपण, ओली घोंगडी. वाशांवर काजळीचा थर, आणि कीड लागत नाही ती त्या धुरामुळेच, हे तिचं ठाम मत. धूर बाहेर काढला की माळ्याचं काय, हा रकाना माझ्या वहीत नव्हताच. दुसरीकडे तो धूर तिच्या छातीत जातोय, आणि त्यावर तडजोड करायला मी तयार नव्हते.

शेवटी मे महिन्यात छोटी शेगडी घेतली, मोठी नाही. मोठी शेगडी दार बंद करून धुमसत ठेवली तर ओल्या सरपणाचं डांबर धुराड्यात साचतं आणि पुढे तेच पेट घेतं. पत्र्याचं धुराडं भिंतीतून लगेच बाहेर न काढता माळ्यातून उभं वर नेलं, लाकडापासून लांब ठेवून. माळ्याला ऊब मिळते, धूर छपराबाहेर जातो. वाशांना मात्र आता काजळी बसणार नाही. "भुंगा लागला तर तू निस्तर," असं आजीने बजावलंय.

माळ्यावर मी आर्द्रतामापक टांगलाय. आजी रोज सकाळी मिठाच्या बरणीत बोट घालून बघते. दोन्ही नोंदी वहीत शेजारी-शेजारी लिहितेय. आज 18 जुलै: मापक म्हणतो 71, आजी म्हणते, "बरं आहे, पण अजून चिकटतंय."