जागतिक पर्वतीय धाव स्पर्धा

डोंगरावरील धावण्याची जागतिक स्पर्धा १९८५ साली इटलीत सुरू झाली. प्रारंभी ती करंडक स्पर्धा होती. २००९ पासून तिला अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. अनेक वर्षे एका वर्षी केवळ चढाची, तर पुढील वर्षी चढ-उताराची शर्यत होत असे. २०२२ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे तिला रानवाटांवरील शर्यतींची जोड मिळाली.

चढावर दम लागतो, हे कोणीही सांगेल. खरी परीक्षा उतारावर होते. तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची आठवण होते.

महाराष्ट्रात या प्रकाराला जवळची स्पर्धा म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेली साताऱ्याची हिल अर्धमॅरेथॉन. यवतेश्वर घाटातील या शर्यतीची २०१५ साली गिनेस बुकात नोंद झाली. अर्थात, ती डांबरी रस्त्यावरची आहे. बोरिवलीच्या धावपटूंना सरावासाठी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा चढ जवळचा. पण तो लहान असल्याने पुन्हापुन्हा चढावा लागतो. शिवाय हे बिबट्यांचे रान असल्याने रस्ता सोडून विनापरवाना आत शिरता येत नाही.