पहिली तारीख आणि शेवटचा आठवडा



नोकरदार घराच्या स्वयंपाकघरात महिन्याला एकदा भरती येते आणि एकदा ओहोटी. पगार झाला की पहिले आठ-दहा दिवस पनीर, सुका मेवा, रविवारी बाहेरचं जेवण, मुलांना नवे कपडे. वीस तारीख उलटली की पिठलं-भात, मुगाची खिचडी आणि ‘ते पुढच्या महिन्यात बघू’. मुंबईत हे जुनंच आहे. पण आता आमच्या चारोटीतही तसंच दिसतं. दुकानात पहिल्या आठवड्यात पाच किलोची पिशवी मागणारं गिऱ्हाईक शेवटच्या आठवड्यात पावशेर मागतं.

आपल्या पणजीच्या काळात ही भरती-ओहोटी नव्हती. मग ती आली कुठून? आज त्याचाच थोडा इतिहास सांगते.

पूर्वीही महिना होताच, पण तो तिथींचा होता. आपल्या जैन घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, कुणाचं एकाशन, कुणाचा उपवास. पाडव्याला, सणाला गोडधोड. स्वयंपाकघर चंद्राकडे बघून चालायचं. आमच्या जवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्राही चैत्री पौर्णिमेला भरते. जत्रेची खरेदी, पाहुणे, नवं लुगडं हे सगळं त्या पौर्णिमेशी बांधलेलं.

शेतकऱ्याची आणि शेतमजुराची भरती-ओहोटी मात्र महिन्याची नसून वर्षाची होती. भात घरात आलं की दिवस बरे. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या. आमच्या डहाणू-तलासरी भागातल्या वारली कुटुंबांना त्या दिवसांत जमीनदार-सावकाराकडून ‘खावटी’ घ्यावी लागे, म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य. कापणीनंतर ते वाढीव परत करायचं. वाढीव देताना पुन्हा कणगी रिकामी व्हायची आणि पुढच्या पावसात पुन्हा खावटी. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, गवत कापण्याची मजुरी वाढावी म्हणून त्यांनी संप केला. त्याच्या मुळाशी हे रिकामं भांडंही होतं. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

आता मुंबईकडे वळू, कारण पगाराचा महिना तिथे घडला. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाईल रोडचं गिरणगाव झालं. रत्नागिरी, सातारा भागातली माणसं तिथे आली. गावाकडे धान्य घरचं होतं, मजुरी बऱ्याचदा धान्यातच मिळायची. इथे मात्र सगळं विकत आणि हातात पैसा महिन्यातून एकदा.

तोही वेळेवर नाही. मुंबईच्या गिरण्यांत महिनाभराचं काम झाल्यावर पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास व्हायचा. हिशेब करून बघा. एक तारखेला कामाला लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पैसा यायला सहा आठवडे. तोवर खायचं काय? उत्तर एकच, वाण्याकडची उधारी. म्हणजे शहरातला संसार सुरूच वहीवर व्हायचा. अहमदाबादच्या गिरण्यांत बऱ्याच कामगारांना साधारण पंधरवड्याने ‘हप्ता’ मिळे. मुंबईत मात्र महिनाच चालू राहिला.

या संसाराचा हिशेब सरकारने एकदा नीट मांडला. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि १९२३ साली तिचा अहवाल निघाला. फिंडले शिरास हे तेव्हा त्या कार्यालयाचे प्रमुख होते. बी.कॉम. झालेल्या बाईला असा अहवाल कादंबरीसारखा वाटतो! कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न होतं साधारण बावन्न रुपये. त्यातले ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के भाड्यावर आणि ७.४ टक्के सरपण-दिवाबत्तीवर जात. म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या जेवणाला जेमतेम तीस रुपये, दिवसाला एक रुपया.

त्यातल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली अशी की कामगाराला मिळणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या वरच्या मर्यादेइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्यासाठी ठरवलेल्या धान्यापेक्षा कमी होतं. दहा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता.

दुसरी गोष्ट व्याजाची. ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि नेहमीचा दर होता रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला किती कमी वाटतं! रुपयाचे आणे सोळा. म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंच्याहत्तर. दहा रुपये घेतले तर वर्षभरात साडेसात रुपये नुसतं व्याज आणि मूळचे दहा तसेच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताट का रिकामं, याचं उत्तर इथे आहे. कामगाराने पहिल्या आठवड्यात उधळपट्टी केली म्हणून नव्हे, तर पगार हातात येण्याआधीच त्यातला वाटा वहीत गेलेला असायचा म्हणून. आपण व्यापारी समाजातली माणसं. वहीची एक बाजू आपल्याला माहीत असते, दुसरी बाजूही वाचता आली पाहिजे.

पुढे शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात पगाराचं अंतर कमी करायची सूचना केली. १९३६ च्या वेतन कायद्याने महिना तसाच ठेवला, पण तारीख बांधली. हजाराहून कमी कामगार असतील तिथे सात तारखेच्या आत, बाकी ठिकाणी दहाच्या आत पगार झालाच पाहिजे. आज आपल्या घरात ‘सात तारखेपर्यंत होईल’ असं जे म्हणतात, त्यामागे एवढा इतिहास आहे.

या महिन्याचा भार सगळ्यात जास्त उचलला तो बायकांनी. गिरणगावात एकटे राहणारे हजारो पुरुष खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे चाळीतल्या एखाद्या बाईची खोली. तिने सकाळ-संध्याकाळ पोळी-भाजी, वरण-भात रांधायचं आणि पैसे मात्र पगार झाल्यावर मिळायचे. म्हणजे महिनाभर उधारीवर वाण्याकडून धान्य तिने आणायचं आणि व्याज तिने भरायचं. कामगाराच्या ओहोटीत त्याचं पोट तिच्या उधारीवर भरायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दागिना गहाण न ठेवता, एकमेकींच्या भरवशावर. माझ्या मते मुंबईच्या स्वयंपाकघराच्या इतिहासातलं हे फार मोठं पान आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगार थांबला तशी महिन्याची भरती थांबली, फक्त ओहोटी उरली. कितीतरी जण गावी परतले, खानावळींतली ताटं कमी झाली.

आता पुन्हा आमच्या चारोटीकडे. हमरस्ता शेजारून जातो, २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते. बोईसरच्या कारखान्यांत, मुंबईत नोकरी करणारी मुलंमुली घरोघरी आहेत. खावटीच्या वर्षाऐवजी पगाराचा महिना आला, हे चांगलंच झालं. पण त्याच्यासोबत वहीसुद्धा आली, ती आता मोबाईलमध्ये असते. क्रेडिट कार्डाचे पैसे थकले तर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. पुन्हा ऐकायला कमी! बाराने गुणा, छत्तीस ते पंचेचाळीस टक्के. रुपयाला आण्याच्या साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त आहे हे. पगार येतो त्याच दिवशी हप्ते कापून जातात, उरलेल्यात पहिला आठवडा मजेत जातो आणि शेवटचा कार्डावर.

कुणी म्हणेल, महिन्यात चार दिवस साधं जेवलं तर बिघडलं कुठे? आपण नाही का उपवास करत? इथेच मला थांबून सांगावंसं वाटतं. आपल्या बाह्य तपात अवमौदर्य आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी खायचे. पण ताटात ते दोन घास असावे लागतात, तेव्हा ते सोडता येतात. अष्टमीचा उपवास आपण ठरवून करतो, दुसऱ्या दिवशी पारणं असतं. गिरणी कामगाराची पंचवीस तारीख त्याने ठरवलेली नव्हती. उपवास आणि उपासमार बाहेरून सारख्या दिसल्या तरी एकीने मन हलकं होतं, दुसरीने माणूस खचतो. म्हणून ज्याचं ताट रिकामं आहे त्याला संयम शिकवायला जाऊ नये. आधी ताट भरायची सोय करावी.

संयम शिकायचा तो आपण, पगाराच्या दिवशी. माझ्या घरातली साधी रीत सांगते. पगार आला की पहिल्यांदा शेवटच्या दहा दिवसांचा किराणा, दूध आणि भाजीचे पैसे वेगळ्या पाकिटात काढायचे. मग हप्ते, मग बाकीचं. हॉटेल सगळ्यात शेवटी. अशाने पहिल्या आठवड्याची भरती थोडी उतरते, पण एकतीस तारखेलाही ताटात वरण, भात, भाजी, कोशिंबीर असते. आणि घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेलाच द्या, जमलं तर पंधरवड्याने. तिचा महिना आपल्या हातात असतो.