स्वाक्षरीविरहित ड्रायव्हर

स्वाक्षरीविरहित ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीला मान्य असलेली डिजिटल स्वाक्षरी नसलेला हार्डवेअर ड्रायव्हर होय. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्यांमध्ये कर्नल स्तरावर चालणारा असा ड्रायव्हर सर्वसाधारण स्थितीत कार्यान्वित होत नाही. हे बंधन विंडोज व्हिस्टापासून लागू झाले. जुनी उपकरणे वापरणे, नव्या ड्रायव्हरची चाचणी घेणे अशा कारणांसाठी ते शिथिल करता येते. ड्रायव्हर कोणी प्रमाणित केला आणि त्यानंतर त्यात बदल झाला आहे का, हे स्वाक्षरीवरून कळते. तो निर्दोष किंवा निरुपद्रवी असल्याची हमी मात्र तिच्यातून मिळत नाही.

पार्श्वभूमी

प्रिंटर, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड यांसारख्या उपकरणांशी कार्यप्रणालीचा संवाद घडवून आणणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. सामान्य प्रोग्राममध्ये चूक झाली, तर बहुधा तो प्रोग्रामच बंद पडतो. कर्नलमधील ड्रायव्हर चुकला, तर संपूर्ण संगणक ठप्प होऊन विंडोजचा त्रुटी दर्शवणारा पडदा दिसू शकतो. कर्नलला संगणकाच्या सर्व स्मृतीपर्यंत पोहोचता येत असल्याने तेथे शिरलेले घातक सॉफ्टवेअर स्वतःला लपवू शकते. अशा सॉफ्टवेअरला रूटकिट असे म्हणतात.

या धोक्याचे एक गाजलेले उदाहरण २००५ मध्ये उघडकीस आले. सोनी बीएमजी या कंपनीच्या काही संगीत सीडी विंडोज संगणकात घातल्यावर नक्कल-प्रतिबंधक सॉफ्टवेअर बसवले जात असे. त्यातील ड्रायव्हर विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व फाइली वापरकर्त्यापासून लपवत असे. मार्क रसिनोविच यांनी हा प्रकार प्रसिद्ध केल्यानंतर त्याच पळवाटेचा उपयोग इतर घातक प्रोग्रामांनीही केला.

स्वाक्षरीची रचना

विंडोजमधील ड्रायव्हर सहसा तीन प्रकारच्या फाइलींच्या संचातून मिळतो: उपकरणाची ओळख व बसवण्याच्या सूचना असलेली आयएनएफ फाइल, प्रत्यक्ष चालणारी एसवायएस फाइल आणि कॅटलॉग फाइल. संचातील फाइलींवरून काढलेली हॅश मूल्ये कॅटलॉगमध्ये नोंदलेली असतात व त्या कॅटलॉगवर प्रकाशकाच्या खासगी किल्लीने स्वाक्षरी केली जाते. फाइलीतील एक बाइट जरी बदलला, तरी हॅश मूल्य बदलते आणि पडताळणी अयशस्वी होते. स्वाक्षरीची किल्ली कोणाची आहे हे प्रमाणपत्रावरून ठरते आणि ते प्रमाणपत्र कार्यप्रणालीला विश्वासार्ह वाटणाऱ्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचावे लागते.

ही तपासणी दोन वेळा होते. ड्रायव्हर बसवताना संचाची स्वाक्षरी पाहिली जाते, तर तो कर्नलमध्ये दाखल होताना प्रत्यक्ष चालणाऱ्या फाइलीची पडताळणी होते. दुसरी पडताळणी अयशस्वी झाल्यास उपकरण बंद राहते व डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रुटी क्रमांक ५२ दिसतो.

विंडोजमधील इतिहास

विंडोज २००० व विंडोज एक्सपीमध्ये स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरबाबत दुर्लक्ष करणे, इशारा देणे किंवा मज्जाव करणे असे तीन पर्याय होते. सामान्यतः केवळ इशारा दिला जाई आणि वापरकर्त्याला तो डावलून पुढे जाता येई.

विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीत कर्नल स्तरावरील ड्रायव्हरसाठी स्वाक्षरी सक्तीची झाली. ३२-बिट आवृत्तीत ही सक्ती नव्हती. त्या काळी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र प्राधिकरणाकडून प्रमाणपत्र घेऊन उत्पादक स्वतः स्वाक्षरी करू शकत. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक ठरली. जुन्या आवृत्तीवरून अद्ययावत केलेले संगणक, सिक्युअर बूट बंद असलेले संगणक आणि २९ जुलै २०१५ पूर्वीच्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरी केलेले ड्रायव्हर यांना सवलत देण्यात आली.

मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी दोन मार्गांनी मिळते. एका मार्गात ड्रायव्हरला ठरावीक चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दुसऱ्या मार्गात उत्पादकाची ओळख पटवून व त्याने दिलेल्या ग्वाहीवर स्वाक्षरी दिली जाते. तेथे त्या हार्डवेअर चाचण्यांचे निकाल सादर करावे लागत नाहीत.

बसवण्याच्या पद्धती

सक्ती तात्पुरती बंद करणे: विंडोज ८ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत प्रगत प्रारंभ पर्यायांमधील प्रारंभ सेटिंग्जमध्ये सातवा पर्याय निवडून ही सक्ती बंद करता येते. व्हिस्टा व विंडोज ७ मध्ये हा पर्याय संगणक सुरू होताना एफ८ कळ दाबून मिळत असे. ही सूट संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. संचातील कर्नल फाइलच स्वाक्षरीविरहित असेल, तर पुढच्या वेळी ती दाखल होत नाही. संच केवळ आयएनएफ फाइलीचा असून तो विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या स्वाक्षरीकृत ड्रायव्हरचा उपयोग करत असेल, तर उपकरण नंतरही चालू राहते.

चाचणी अवस्था: प्रशासकाच्या अधिकाराने बीसीडीएडिट या आज्ञेद्वारे टेस्टसाइनिंग हा पर्याय चालू करता येतो. त्यासाठी सिक्युअर बूट बंद असावे लागते. या अवस्थेत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तशी सूचना दिसत राहते. चाचणी अवस्थेत कोणताही ड्रायव्हर चालतो, हा समज बरोबर नाही. ड्रायव्हरवर किमान स्वतः तयार केलेल्या चाचणी प्रमाणपत्राची स्वाक्षरी असावी लागते.

सिक्युअर बूटच्या स्थितीत बदल केल्यास बिटलॉकरने कूटबद्ध केलेला संगणक पुढच्या वेळी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकतो. ती जवळ नसल्यास माहिती कायमची गमावण्याचा धोका असतो. म्हणून बदलापूर्वी किल्लीची नोंद ठेवणे व बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे आवश्यक ठरते. संगणक सुरू होण्यासाठीच लागणारा ड्रायव्हर स्वाक्षरीविरहित असेल, तर सक्ती पुन्हा लागू होताच संगणक सुरू होत नाही.

मर्यादा

जून २०१० मध्ये आढळलेल्या स्टक्सनेट या संगणकीय कृमीच्या ड्रायव्हरवर रिअलटेक व जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या प्रमाणपत्रांची वैध स्वाक्षरी होती. या कंपन्यांच्या खासगी किल्ल्या चोरीला गेल्या असाव्यात असे मानले जाते. ही प्रमाणपत्रे नंतर रद्द करण्यात आली. २०२१ मध्ये नेटफिल्टर नावाच्या एका घातक ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्याच प्रक्रियेतून स्वाक्षरी मिळाल्याचे उघड झाले.

स्वाक्षरी असलेला, पण सुरक्षेत त्रुटी असलेला जुना ड्रायव्हर सोबत आणून त्याद्वारे कर्नलमध्ये शिरणे ही हल्लेखोरांची आणखी एक पद्धत आहे. तिला आळा घालण्यासाठी मायक्रोसॉफ्ट असुरक्षित ड्रायव्हरची प्रतिबंधित यादी ठेवते. विंडोज ११ च्या २०२२ मधील अद्यतनापासून ही यादी आपोआप लागू असते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यातील ड्रायव्हर स्वाक्षरीकृत होता. बिघाड त्याने वाचलेल्या सदोष माहिती-फाइलीमुळे झाला.

इतर कार्यप्रणाली

लिनक्स कर्नलमध्ये मॉड्यूल स्वाक्षरीची सोय २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून आहे. सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल दाखल होत नाही. मात्र संगणकाचा मालक स्वतःची किल्ली तयार करून तिची नोंद करू शकतो आणि त्या किल्लीने स्वाक्षरी केलेले मॉड्यूल सिक्युअर बूट बंद न करता वापरू शकतो. मॅकओएसमध्ये २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीत कर्नल विस्तारांसाठी स्वाक्षरी सक्तीची झाली, तर २०१७ च्या हाय सिएरापासून वापरकर्त्याची संमतीही आवश्यक झाली. २०१९ च्या कॅटालिनामध्ये अनेक प्रकारचे ड्रायव्हर कर्नलबाहेर चालवण्याची व्यवस्था आली.

टीका

स्वाक्षरीच्या सक्तीमुळे कर्नलमध्ये शिरणे अवघड झाले आणि प्रत्येक ड्रायव्हरचे उत्तरदायित्व एखाद्या ओळखीशी जोडले गेले, असे समर्थक म्हणतात. प्रमाणपत्राचा खर्च व नोंदणीची प्रक्रिया स्वतंत्र विकासकांना आणि मुक्त स्रोत प्रकल्पांना जड जाते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. उत्पादक कंपनी बंद पडली किंवा तिने जुन्या उपकरणासाठी नवा ड्रायव्हर दिला नाही, तर सुस्थितीतील स्कॅनर किंवा मोजमापाचे उपकरणही नव्या संगणकावर निरुपयोगी ठरू शकते. त्यामुळे संगणकावर काय चालावे याचा अंतिम निर्णय मालकाचा की कार्यप्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा, हा या वादातील मुख्य प्रश्न आहे.