चार गोळ्यांची सवय

माझी नोकरीची बहुतेक वर्षं गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात हिवतापाच्या कामात गेली. बैठकीत कुणीतरी म्हणायचंच, ‘लोक अडाणी, गोळ्या पुऱ्या घेत नाहीत.’ मला हे कधीच पटलं नाही. गोळ्या अर्ध्यावर सोडायची सवय लोकांना लागली कशी, याला इतिहास आहे, आणि त्यात आमच्याच कार्यक्रमाचा मोठा वाटा आहे.

कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या काळात औषध संपवणंच कठीण. कडूजहर, वर कान वाजायचे. बंगालात १८९२पासून टपाल कचेरीत पैशाला एक पुडी मिळू लागली. हुडहुडी थांबली की गरीब माणूस दुसऱ्या पुडीला पैसा कशाला घालील?

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघर जाई. ताप असला की बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि तपासणीची वाट न बघता मोठ्या माणसाला क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या समोरच गिळायला लावायच्या. कागदावर हा गृहीतोपचार. दोन-तीन दिवसांत ताप पळे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण होत, ते १९६५च्या सुमारास लाखावर आले. त्या पिढीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं : ताप, चार गोळ्या, संपलं.

रक्ताचा निकाल मात्र मागाहून यायचा. पावसाळा सरता सरता काचपट्ट्यांचे ढीग साचत आणि निकालाला आठवडे लागत. मग आम्ही प्रायमाक्वीनच्या गोळ्या घेऊन समूळ उपचाराला निघायचो, तेव्हा रुग्ण बांधीत धान कापत असायचा. ‘मला ताप कुठंय?’ तो विचारी. खरंच नसे. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात, हे त्या धडधाकट माणसाला बांधावर उभं राहून कसं पटवायचं? तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या होत्या, पुढे चौदा दिवसांच्या झाल्या.

एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एका बाईनं छपराच्या बांबूच्या पोकळीतून कागदाची पुडी काढून दाखवली. नवऱ्यानं दोन दिवस गोळ्या घेतल्या होत्या, उरलेल्या तिनं जपून ठेवल्या होत्या. ‘पोरीला ताप आला तर?’ नाल्याला पूर आला की आम्ही तिथं पोचत नसू, त्यामुळे तिचा हिशेब चोख होता. या गोळ्या पोरीचा ताप उतरवणाऱ्या नाहीत, आणि तिच्या वयाला त्या जास्त होतील, एवढं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या बाईचा राग आला नाही, आमच्या खात्याचा आला.

प्रायमाक्वीन रिकाम्या पोटी घेतली की कळा येतात. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटे न जेवताच बांधीवर जातात. काहींच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात, लघवी काळपट होते. टोल्यावर एकाला असं झालं की बाकीचे गोळीला हात लावत नसत, आणि ते भय खोटं नव्हतं.

हिवताप मात्र पुन्हा वाढला आणि १९७६ साली देशात रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. पुढच्याच वर्षी योजना बदलली आणि गावोगावी औषध वाटप केंद्रं निघाली. गोळी गावातच मिळू लागली, हे फार चांगलं झालं. पण त्याआधीच, १९७३ साली, आसामात क्लोरोक्वीनला दाद न देणारा फॅल्सिपेरम, हिवतापाचा दुसरा प्रकार, सापडला होता. पुढे आमच्याकडेही चार गोळ्यांनी ताप उतरेना.

आता आशाताई पाव तासात जागेवर रक्त तपासते. फॅल्सिपेरम निघाला तर वयाप्रमाणे रंग ठरलेलं तीन दिवसांचं पाकीट देते आणि पहिली मात्रा समोर घ्यायला लावते. हे पाकीट लोक बहुधा पुरं करतात, कारण ताप आणि गोळ्या जवळपास बरोबरच संपतात. व्हायवॅक्सचे चौदा दिवस मात्र अजून आहेत. म्हणून मी प्रत्येक आशाताईला सांगत असे : गोळी रात्री, माणूस घरी येऊन जेवल्यावर, आणि ताप उतरला की, चौथ्या दिवशी, त्याच घरी पुन्हा जा.