‘करवियलें’ : एका ओळीचे कूळ

म्हैसूरच्या उत्तरेला, श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर एकाच कातळातून कोरलेला सुमारे 57 फुटी गोमटेश्वर उभा आहे. त्याच्या पायांशी नागरी लिपीत दोन ओळी आहेत : ‘श्री चावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियलें’. मूर्ती गंगांचा मंत्री चावुंडराय याने 981च्या सुमारास घडवून घेतली, म्हणून पहिली ओळ आपण मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शाळेत घोकली. पण मूर्तीचे वय ते ओळीचे वय नव्हे. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचे आवार, म्हणजे सुत्तालय, त्याने बाराव्या शतकाच्या आरंभी बांधवले. दोन्ही ओळी एकाच वेळच्या, हे शं. गो. तुळपुळे यांचे मत मला पटते. शंभरावर वर्षांच्या अंतराने कोरलेली अक्षरे इतकी जुळी निघत नाहीत. आद्यत्वाचा मान मग अलिबागजवळच्या आक्षीच्या शके 934च्या लेखाकडे जातो. जाऊ द्यावा.

कारण या ओळीची खरी श्रीमंती तिच्या व्याकरणात आहे. शेजारीच हाच मजकूर कानडीत आणि तमिळमध्येही आहे. कानडीत ‘चावुंडराजं माडिसिदं’ : कर्ता प्रथमेत. मराठीत मात्र ‘चावुंडराजें’, म्हणजे ‘चावुंडराजाने’ : कर्ता तृतीयेत. शब्दाला शब्द ठेवणाऱ्याला हे सुचले नसते. लिहिणारा आपल्या भाषेत विचार करत होता. पण आवारासाठी त्याने मराठी शब्द शोधला नाही, भोवतालच्या कानडीतला ‘सुत्तालय’ किंचित झिजवून घेतला. म्हणजे तो दोन्ही भाषांत वावरणारा असावा. कोणी म्हणेल, तीन भाषा हा निव्वळ सत्तेचा डौल. पण डौलच मिरवायचा तर नागरीत संस्कृत लिहिता आले असते. बोलभाषा निवडली, ती वाचणारे, निदान कुणी वाचून दाखवले तर समजणारे, यात्रेकरू डोंगर चढत होते म्हणूनच. ही जुनी कोंकणी, असा दावा गोव्याकडून होतो. ‘करवियलें’ हे रूप दोन्ही भाषांना जवळचे असल्याने तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तेवढ्या एका क्रियापदावर तो सिद्धही होत नाही.

विंध्यगिरी चढाल तेव्हा चावुंडरायाची ओळ पाहून लगेच वळू नका, ‘सुत्ताले’ही वाचा.