कोळसा कोणता, दगडी की लाकडी?

चंद्रपूर जिल्ह्यात 'कोळसा' म्हटलं की घुग्घूस, बल्लारपूरच्या खाणी डोळ्यांसमोर येतात. पण मराठीतला हा शब्द मुळात खाणीचा नाही. लोणारी भट्टी लावून लाकडापासून पाडायचे, तो कोळसा. 19व्या शतकात वरोऱ्याची सरकारी खाण सुरू झाली (1906 साली ती बंद पडली), आणि जमिनीतून निघणाऱ्या या काळ्या मालासाठी कुणी वेगळं नाव घडवलं नाही. जुन्याच शब्दाला 'दगडी' जोडलं, काम भागलं.

गंमत म्हणजे फारसीनेही हेच केलं. 'जुगाल' लाकडाचा, 'जुगाल-संग' खाणीतला. संग म्हणजे दगड. अरबीत 'फहम' आणि 'फहम हजरी'. हजर-ए-अस्वदमधला 'हजर' इथेही दगडच. (उर्दूत 'आम-फहम' म्हणतो तो फहम वेगळा, त्याचा अर्थ समज. नागरीत दोन्ही सारखे दिसतात, उर्दू लिपीत दोघांचा 'ह' वेगळा आहे.) उर्दूत सरळ 'पत्थर का कोयला'. तेलुगूने मात्र दगडाचा आधार घेतला नाही. सिरोंच्याकडून गोदावरी ओलांडली की कोळशाला 'बोग्गु' म्हणतात, आणि खाणीतल्याला 'राक्षसी बोग्गु'! मला यात हाच शब्द सगळ्यांत जिवंत वाटतो.

इंग्रजीची गाडी उलट गेली. तिथे 'कोल' म्हणजे आधी निखारा आणि लाकडाचा कोळसा. पुढे खाणीच्या मालाने तो शब्द बळकावला, आणि लाकडाच्या कोळशासाठी 'चारकोल' उरला. अनुवाद करणारे इथेच फसतात, दोन्हींना नुसतं 'कोळसा' लिहून मोकळे होतात.

जंगलाच्या जिल्ह्यात हे महागात पडू शकतं. 1927च्या भारतीय वन कायद्यात 'चारकोल' हे वनोपज आहे, मग ते जंगलातून आणलेलं असो वा नसो. खनिज मात्र जंगलात सापडलं किंवा तिथून आणलं तरच वनोपज ठरतं. म्हणजे पंचनाम्यात 'एक पोतं कोळसा' एवढंच लिहिलं, तर पोतंवाल्याला कोणता नियम लागू करायचा?

आणखी एक घोळ शालेय शब्दकोशांत दिसतो. अंगार, निखारा, इंगळ हे कोळशाचे समानार्थी शब्द म्हणून छापतात. संस्कृत 'अंगार' पेटलेल्या आणि विझलेल्या, दोन्ही कोळशांना चालतो. 'इंगळ' त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप. पण आजच्या मराठीत हे तिन्ही शब्द पेटलेल्याचेच, उर्दूतल्या 'अंगारा'सारखे. खाणीतून निखारे निघाले असं लिहिलं तर वाचणारा आग लागली समजेल. अनुवादाच्या तासाला मी मुलांना आधी एवढंच विचारायला लावतो: लाकडाचा की दगडाचा, आणि पेटलेला की विझलेला?