टोळधाड, जुनी आणि नवी

मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड शिरली, तेव्हा आम्ही वरवट बकालची माणसे आभाळाकडे धास्तीने पाहत होतो. राजस्थानात त्या टोळांवर ड्रोनमधून औषध फवारले गेले. १५ जानेवारी २०२१ ला दिल्लीच्या सैन्यदिनी ७५ ड्रोनच थव्याने उडाले! मे २०२५ मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत तीनशे-चारशे ड्रोन धाडल्याचे सरकारने सांगितले. एकेकावर महागडे क्षेपणास्त्र खर्चायचे म्हणजे दिवाळेच की! नागपूरच्या एका कारखान्याने त्यासाठी चिमुकली रॉकेटे केली, नाव ‘भार्गवास्त्र’. १३ मे २०२५ ला ओडिशात गोपाळपूरच्या समुद्रकाठी त्यांची चाचणी झाली. अडीच किलोमीटरवरचा थवा ती पाडतात.

वर्गात हे रंगवून सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, फवारणीचा ड्रोन कोणता, हे त्या रॉकेटला कसं कळणार?”

मी खडू खाली ठेवला.